पेशीला आलेला निरोप

(मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकतो. मी डॉक्टर नाही. या हॉलमध्ये खरे डॉक्टर बरेच बसले आहेत, आणि त्यातले दोघे-तिघे पहिल्याच रांगेत हाताची घडी घालून बसलेत, त्यामुळे मी आधीच घाबरलो आहे. मी कॉम्प्युटर इंजिनियर. आठवडाभर क्लायंटकडे जाऊन दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हा माझा धंदा.

कार्यकारिणीचा फोन आला, की पाडव्याला वीस मिनिटं बोलशील का? मी हो म्हटलं. विषय काय? म्हटलं, "कॅन्सरच्या पेशीला वाढायचा निरोप कसा मिळतो." पलीकडे जरा शांतता. मग आमच्या सेक्रेटरी बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "श्रीखंडाच्या आधी की नंतर?" तर आधी ठेवलंय. काळजी करू नका, भूक मरेल असं काही सांगणार नाही.

हा विषय मी हौसेनं निवडला नाही. २०२१ च्या जुलैत मिरजेहून बाबांचा फोन आला. आईच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, आणि गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट ताईनं फोटो काढून मला पाठवला. इथे रात्रीचे दोन वाजले होते. रिपोर्टमध्ये एक ओळ होती : हर-टू, दोन प्लस, संदिग्ध, फिश चाचणी करावी. बाबा म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला आहेस, बघ जरा इंटरनेटवर, हे काय ते." दहा दिवसांनी फिशचा निकाल आला : पॉझिटिव्ह. कोरोनाच्या त्या दिवसांत पॉझिटिव्ह या शब्दाचा आपण सगळ्यांनीच धसका घेतला होता. बाबांनी विचारलं, "हे पॉझिटिव्ह चांगलं की वाईट?" आणि मला उत्तर येत नव्हतं.

मला जाता येत नव्हतं. व्हिसाच्या स्टँपिंगची तारीख मिळेना. गेलो तर परत येता येईल का याची खात्री नाही. आपल्यापैकी अनेकांनी हे भोगलंय, त्यामुळे जास्त सांगत नाही. हातात करण्यासारखं काहीच नसलं की माणूस वाचत बसतो. मी वाचत बसलो. त्यातलं जे मला समजलं, ते तुम्हाला सांगतो.

कांदा चिरताना बोट कापलं, असं समजा. रक्त थांबतं, खपली धरते, आणि आठवड्याभरात खाली नवी कातडी तयार! याचा अर्थ तिथल्या पेशींना कोणीतरी सांगितलं, "वाढा." आणि जखम भरल्यावर हे सांगणं थांबलं. मला विचाराल तर वाढण्यापेक्षा हे थांबणं जास्त मोठं आश्चर्य आहे.

हा निरोप म्हणजे काय, याचा पहिला धागा अमेरिकेत सापडला. स्टॅनली कोहेन नावाचे शास्त्रज्ञ होते. उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचला, तर पिल्लांचे डोळे नेहमीपेक्षा कितीतरी दिवस आधी उघडले. आपल्यासारखा म्हणाला असता, गंमत आहे. कोहेन मात्र त्या अर्कातलं नेमकं कोणतं द्रव्य हे करतं याच्या मागे लागले. ते निघालं एक छोटंसं प्रथिन, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत प्रोटीन. कातडीच्या पेशींना वाढायला सांगणारं. १९८६ साली त्यांना रीटा लेव्ही-माँताल्चिनी यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

पण निरोप दारापर्यंत आला म्हणजे घरात पोचला असं नाही. पेशीभोवती तेलकट पापुद्रा असतो, त्यातून हे प्रोटीन आत शिरत नाही. म्हणून पेशीच्या पृष्ठभागावर दुसरी प्रोटीन्स उभी असतात, अर्धी बाहेर, अर्धी आत. त्यांना रिसेप्टर म्हणतात. बाहेरचं टोक निरोप ऐकतं, आतलं टोक कामाला लागतं. आता एकच रेणू बाहेरचं ऐकून आत कसं सांगतो? इथे मला खरी मजा वाटली. तो एकटा सांगतच नाही. निरोप आला की दोन रिसेप्टर एकमेकांजवळ सरकतात आणि त्यांची जोडी होते. मग ते एकमेकांच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेटची खूण करतात. एक फॉस्फरस, चार ऑक्सिजन, एवढीशी खूण. पण सहसा आपली आपण लावायची नाही, हं! ही तिला लावणार, ती हिला. चैत्रातल्या हळदीकुंकवाला जसं दोघी एकमेकींना कुंकू लावतात, अगदी तसं.

या खुणेचा शोधही ऐकण्यासारखा आहे. १९७९ साली कॅलिफोर्नियात, साल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर प्रयोग करत होते. वापरायचं द्रावण ताजं करायचा त्यांनी कंटाळा केला आणि जुनंच वापरलं. जुनं असल्यामुळे त्याची आम्लता थोडी बदललेली होती. त्यामुळे एरवी एकात एक मिसळून दिसणारे दोन ठिपके वेगळे झाले, आणि त्यातला एक निघाला हा टायरोसीनवरचा फॉस्फेट, जो तोपर्यंत कोणाला दिसलाच नव्हता. मुलांनो, तुम्ही मात्र यावरून गृहपाठाचा कंटाळा करायचा अर्थ काढू नका.

तर कुंकू लागलं. पुढे काय? पेशीत काही प्रोटीन्स अशी असतात, की ज्यांना फक्त हे कुंकू ओळखता येतं. ओळखणारा हा भाग १९८६ साली टोनी पॉसन यांच्या लक्षात आला. अशा प्रोटीन्सपैकी एकाचं नाव ग्रब-टू. हा स्वतः काहीही करत नाही. एका हातानं कुंकू लागलेली शेपटी धरतो, दुसऱ्या हातानं सॉस नावाच्या प्रोटीनला धरून आणतो. म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थच की! त्याला मुलगा नाही, मुलगी नाही, पण तो नसेल तर दोन्ही घरांची गाठ पडत नाही.

मध्यस्थानं आणलेला सॉस, पापुद्र्याला आतून चिकटून बसलेल्या रास नावाच्या प्रोटीनला चालू करतो. हा रास म्हणजे ज्योतिषातली रास नव्हे, कृष्णाची रासक्रीडाही नव्हे. रॅट सार्कोमा या शब्दांवरून पडलेलं नाव आहे. रास हे दिव्याचं बटण समजा. चालू आणि बंद, दोनच अवस्था. रास चालू झाला की राफला, राफ मेकला, मेक अर्कला. कानगोष्टींच्या खेळासारखा निरोप पुढे जातो, शेवटी पेशीच्या केंद्रात शिरतो, आणि तिथे विभाजनाची जनुकं कामाला लागतात. दुसरीकडे बटण आपोआप बंद होतं, म्हणजे त्याला बंद करणारं वेगळं प्रोटीन असतं. शेपटीवरचं कुंकू पुसणारीही असतात. हे पुसणारे आणि बंद करणारे आहेत म्हणून आपल्या बोटाची जखम भरून थांबते.

आता चूक कुठे होते? माझ्या धंद्यातल्या माणसाला इथे घाम फुटतो. १९८२ साली अमेरिकेतल्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांना मूत्राशयाच्या कॅन्सरमधल्या रास जनुकात आणि निरोगी रास जनुकात एका अक्षराचा फरक सापडला. जी च्या जागी टी. एवढंच! त्यामुळे १८९ मण्यांच्या माळेतला बारावा मणी बदलतो, आणि बटण बंद करणाऱ्या प्रोटीनला आपलं काम करता येत नाही. बटण चालूच राहतं. बाहेरून कोणी निरोप दिलेला नाही, तरी पेशीला आतून ऐकू येत राहतं : वाढा, वाढा, वाढा. मी एका स्वल्पविरामासाठी शनिवार-रविवार घालवलेला माणूस आहे. पण माझ्या चुकीनं कोणाचा जीव जात नाही.

चूक सापडली १९८२ साली, आणि तिच्यावरचं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं २८ मे २०२१ ला. एकोणचाळीस वर्षं! कारण या रासच्या गुळगुळीत अंगावर औषधाला पकडायला खाचच नव्हती. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या केव्हन शोकाट यांच्या गटाला एका विशिष्ट बिघडलेल्या रासमध्ये, बंद अवस्थेत, एक छोटासा खिसा दिसला, त्यानंतर वाट मोकळी झाली. ते औषध फुप्फुसाच्या कॅन्सरच्या काही रुग्णांना दिलं जातं.

आईच्या गाठीत रास बिघडलेला नव्हता. बिघाड दारातच होता. आता हर-टू कडे येतो.

निरोप ऐकणाऱ्या रिसेप्टरांच्या या घराण्यात चार भावंडं आहेत. त्यातली दोन विचित्र. हर-टू ला बाहेरचा निरोप ऐकूच येत नाही, त्याला धरणारा कोणताही निरोप्या सापडलेला नाही. पण तो हात पुढे करून जोडीसाठी कायम तयार उभा. हर-थ्री ला निरोप ऐकू येतो, पण कुंकू लावण्याच्या कामात त्याचा हात फार दुबळा. एकट्याचा दोघांनाही उपयोग नाही. आणि या दोघांची जोडी जमली की ती घराण्यातली सगळ्यात जोरदार! आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो आणि दोघे मिळून वाट काटतात, ती गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. संस्कृतात त्याला अंध-पंगु न्याय म्हणतात. पेशीला हा न्याय आपल्या कितीतरी आधी माहीत होता.

निरोगी पेशीत हर-टू जनुकाच्या दोन प्रती असतात. काही गाठींमध्ये त्या पुष्कळ होतात, आणि पृष्ठभागावर हर-टूंची गर्दी होते. इतकी, की निरोप येवो न येवो, ते धक्क्यालाच एकमेकांशी जोडी जमवतात. १९८७ साली लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन यांनी १८९ स्तनाच्या गाठी तपासल्या. सुमारे ३० टक्के गाठींत या प्रती वाढलेल्या होत्या, आणि त्या बायकांचा आजार लवकर उलटत होता. आता हे प्रमाण साधारण १५ ते २० टक्के धरतात. आणखी एक, कारण हा प्रश्न मला हमखास येतो : ही गडबड त्या गाठीतल्या पेशींत त्या माणसाच्या आयुष्यात झालेली असते. ती आईकडून मुलीकडे जात नाही. घराण्यात चालत येणारे ब्राका जनुकांचे दोष वेगळे, त्यात गल्लत करू नका.

स्लेमन आणि जेनेंटेक कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मग हर-टूच्या बाहेरच्या अंगाला जाऊन चिकटणारं प्रतिपिंड तयार केलं. हर्सेप्टिन. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. २००५ साली, ऑपरेशननंतर लगेच दिलं तर काय होतं याचे मोठे निकाल आले, तेव्हा आजार परत येण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेलं दिसलं. २०१२ साली दुसरं औषध आलं, पर्टुझुमॅब. ते हर-टूच्या ज्या हातानं जोडी जमते, त्या हातावरच जाऊन बसतं. आजार पसरलेल्या बायकांच्या एका चाचणीत हे औषध जोडल्यावर आयुष्याचा मध्यक ४०.८ महिन्यांवरून ५६.५ महिन्यांवर गेला. जोडी जमू दिली नाही, एवढ्यावर सोळा महिने! प्रोटीन एकटं काय करतं यापेक्षा ते कोणाबरोबर उभं आहे, हे किती महत्त्वाचं!

पण मला जो धडा सगळ्यात उशिरा कळला, तो आता सांगतो. इंजिनियरच्या डोक्यानं मला वाटलं होतं, की एक जागा सापडली, ती बंद केली, संपलं काम. पेशी तशी नाही. कातडीच्या एका कॅन्सरमध्ये बिघडलेल्या राफवरचं औषध चांगलं काम करतं. तोच बिघाड, तेच औषध, पण आतड्याच्या कॅन्सरमध्ये फारसा परिणाम नाही! का? राफ बंद केला की तिथल्या पेशीत दारावरचा रिसेप्टर उलट जास्त जागा होतो आणि निरोप दुसऱ्या वाटेनं आत जातो. हे २०१२ साली कळलं. मग दार आणि राफ, दोन्ही एकदम अडवायची औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली, आणि तशी जोडी २०२० साली मंजूर झाली. पेशीतली ही व्यवस्था कोणी एका बैठकीत आखलेली नाही. आपल्या जुन्या वाड्यांसारखी आहे. पुढचं दार लावलं तर परसातून कोणीतरी येतंच.

आणि तीच तार शरीर दुसरीकडेही वापरतं. हृदयाच्या स्नायूंना हर-टूचा आधार लागतो. म्हणून हर्सेप्टिन चालू असताना दर तीन महिन्यांनी हृदयाची तपासणी. आईनं विचारलं होतं, "गाठ छातीत, मग हे सारखं हृदय का तपासतात?" त्याचं उत्तर हे.

आईचीच गोष्ट पुरी करतो. केमो संपली. डोक्यावरचे केस गेले होते, तोंडाची चव गेली होती. हर्सेप्टिन मात्र वर्षभर, दर तीन आठवड्यांनी, एकूण अठरा वेळा घ्यायचं होतं. सहा झाले आणि आई म्हणाली, "बास आता. गाठ काढली ना? मग हे कशाला?" बाबा गप्प. ताई रडून मोकळी झाली. मी फोनवर तिला हे सगळं सांगायला लागलो, रिसेप्टर, फॉस्फेट, रास, राफ. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, तीस वर्षं. मला मध्येच थांबवून म्हणाली, "थांब जरा. म्हणजे शाळा सुटायची घंटा देणारा शिपाई घंटेला लटकूनच राहिलाय, असं ना? आणि एका शाळेला असे पन्नास शिपाई?"

मी म्हटलं, "हो, अगदी तसंच."

"आणि हे इंजेक्शन त्यांचे हात धरतं?"

"हो. काही चुकार शिपाई राहिलेच असतील कुठे, तर त्यांचे."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "असं सरळ सांगायचं होतंस की. उगीच इंग्रजीत घाबरवतोस." आणि अठराच्या अठरा घेतली. मला जाता आलं ते डिसेंबरात, दहाव्याच्या वेळी. शेवटचं झालं तेव्हा मी इथे होतो, ताई तिथे होती. आत्तापर्यंतच्या तपासण्या ठीक आहेत. पुढचं कोणी सांगू शकत नाही, आणि मीही सांगत नाही.

अठरा इंजेक्शनं आम्हाला परवडली, त्यालाही कारण आहे. आईला दिलं ते मूळ हर्सेप्टिन नव्हे, त्याच्यासारखंच भारतात केलेलं औषध होतं. बंगळूरच्या बायोकॉननं ते २०१४ साली भारतात आणलं. अमेरिकेत हर्सेप्टिनची अशी पहिली समतुल्य आवृत्ती मंजूर झाली १ डिसेंबर २०१७ ला, आणि ती याच कंपनीनं मायलनच्या साथीनं केलेली होती.

जाता जाता एका बाईंची ओळख करून द्यायची आहे. डॉ. कमल रणदिवे. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे, हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. मुंबई विद्यापीठातून १९४९ साली पीएच.डी. मग त्या इथे, बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत आल्या. मानवी कॅन्सरच्या पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात अखंड वाढवणं पहिल्यांदा ज्यांना जमलं, ते हे गाय. १९५१ सालची गोष्ट, आणि त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईंच्या, त्यांना न विचारता घेतलेल्या. आज मी जे जे सांगितलं, त्यातलं बरंचसं अशा भांड्यात वाढवलेल्या पेशींवर कळलेलं आहे. कमलाबाई ते तंत्र शिकल्या आणि परत गेल्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि स्तनाच्या कॅन्सरवर उंदरांमध्ये काम केलं. १९८२ साली पद्मभूषण. परदेशात शिकलेल्यांनी परत यावं, असं त्या आपल्या विद्यार्थ्यांना सांगत. हे वाचताना मी जरा अस्वस्थ झालो, खोटं कशाला बोलू? माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर जेवताना सांगा.

शेवटी तीन गोष्टी, आणि मग श्रीखंड. इथल्या बायकांना : चाळिशी झाली की दर दोन वर्षांनी मॅमोग्राम, ७४ व्या वर्षापर्यंत, अशी इथल्या तज्ज्ञ समितीची २०२४ पासूनची शिफारस आहे. पाळी चुकवू नका. दुसरं, तिकडे आई-वडिलांपैकी कोणाला असं काही निघालं, तर "गाठ आहे, काढली" एवढ्यावर फोन ठेवू नका. संपूर्ण रिपोर्ट मागवा, हर-टूची ओळ बघा, दोन प्लस असेल तर फिश झाली का ते विचारा. मग तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. मला नको, या पहिल्या रांगेतल्यांना. आणि तिसरं, जे कळलं ते आईला तिच्या भाषेत सांगा. तिला ते आपल्यापेक्षा लवकर कळतं, असा माझा अनुभव आहे.

निरोप पोचणं महत्त्वाचं. पेशीतही आणि घरातही.